सातवीतली एकुलती एक जनता

सातवीतलं प्रत्येक मूल नेता झालंच पाहिजे, असं वर्गाच्या बाईंनी मनावर घेतलं आणि एका तासात अख्ख्या वर्गाला पदं वाटून टाकली. खिडकीप्रमुख, पंखाप्रमुख, रांगप्रमुख... पुढे पदंच सुचेनात, तेव्हा शेवटच्या बाकावरच्याला जांभईप्रमुख केलं. बाई स्वतःवरच जाम खूश झाल्या. त्यांना स्वतःला घरात हुकूम सोडायची संधी कधी मिळाली नव्हती. तिथे सासूबाई, नवरा आणि लेक असे तीन प्रमुख आधीपासूनच होते.

दुसऱ्या दिवशी चिमणी तापातून उठून शाळेत आली. पदं वाटली तेव्हा ती नव्हती, त्यामुळे हुकूम ऐकायला वर्गात ती एकटीच उरली होती. सगळे तिच्यावर तुटून पडले.

"खिडकीशी बस!"

"पंख्याखाली बस!"

"आधी रांगेत ये!"

जांभईप्रमुखाने तर विचारल्याशिवाय जांभई द्यायची नाही, अशी तंबीच दिली.

चिमणीने बाकावर डोकं टेकलं. "आधी तुमचं ठरवा, मग मला उठवा."

प्रमुख भांडत बसले आणि चिमणीची मस्त झोप झाली. बाई दारातून बघतच राहिल्या.

संध्याकाळी बाईंनी घरात पाऊल टाकलं न टाकलं तोच तिन्हीकडून सुरू झालं.

"सूनबाई, चहा टाक!"

"अगं, माझा शर्ट कुठाय?"

"आई, भूक लागली!"

बाईंनी पर्स ठेवली आणि सोफ्यावर सरळ आडव्या झाल्या.

"आधी तुमचं ठरवा," त्या म्हणाल्या, "मग मला उठवा."

आणि कोणालाही न विचारता त्यांनी एक लांबलचक जांभई दिली.