पाटलिणीची पहिली पोळी

फाल्गुनातलं धुकं भाजे गावच्या भातखाचरांवरून उठत होतं. गोठ्यात शेण पडून होतं, पण कस्तुराबाई त्याला हात लावत नव्हती. नवरा दत्तोबा पोलीस पाटील झाल्यापासून शेणाचं काम तिनं धाकट्या जावेच्या, सरुबाईच्या गळ्यात घातलं होतं. आज होळी. पेटल्या होळीत पहिली पोळी टाकायचा मान पाटलिणीचा, आणि तो तिला पहिल्यांदाच मिळणार होता. पुरण वाटता वाटता ती मधेच हात हुंगायची.

"काय वं, पुरण आंबलं का?" सरुबाई दारातनंच म्हणाली. "सारका हात काय हुंगताय?"

"तुला न्हाई येत वास?"

"येतोय की. जायफळाचा."

कस्तुराबाईला येत होता तो वास अकरा महिन्यांचा होता. तेव्हा पाटील होता अंबाजी, दत्तोबाचा थोरला चुलतभाऊ. चैत्रात भाताच्या रोपांसाठी राब भाजायला झाडाच्या फांद्या तोडताना कोयता त्याच्या नडगीवर बसला. बायको मेलेली, पोरबाळ नाही. त्याचं करायला कस्तुराबाईच होती. जखम चिघळली. लोणावळ्याला डॉक्टर होता, बैलगाडीनं अर्ध्या दिवसाचीसुद्धा वाट नाही. दत्तोबानं गाडी जुंपलीही.

"सोडा ती बैलं," कस्तुराबाई म्हणाली. "भावजी गेलं तर पाटीलकी कुणाकडं येती, ठावं हाय न्हवं? का जलमभर भावाच्या मागं शेपूट हलवत फिरायचं?"

दत्तोबानं बैल सोडले.

ती रोज फडकं सोडायची, पू पुसायची, ओला पाला कोंबून पुन्हा बांधायची. पाचव्या दिवशी फडक्यातून किडे वळवळत तिच्या तळहातावर पडले.

"कस्तुरा, मला लोनावळ्याला न्या गं."

"उद्या नेऊ, भावजी."

नऊ दिवस उद्याच. दहाव्या दिवशी अंबाजी गार पडला होता आणि माश्या मात्र बसल्याच होत्या.

दिवस मावळताना होळी पेटली. कस्तुराबाईनं पोळी टाकली. गाव बोंब मारू लागलं.

"अगं पाटलिणी, तू बी मार की बोंब!" म्हातारी बयाबाई ओरडली. "का मान निस्ता पोळीपुरता?"

लोक फिदीफिदी हसले. कस्तुराबाईनं हात तोंडावर नेला, आणि तो वास थेट घशात उतरला. ती तिथंच, आगीसमोर, भडाभडा ओकली.

"भावजींला म्याच न्हेऊ दिलं न्हाई," ती ओकता ओकता म्हणाली. "किडं पडलं तरी उद्या उद्या केलं. पाटीलकीपायी."

बोंब थांबली.

"आन् तू रं, दत्तोबा?" बयाबाईनं विचारलं.

"मी... हिचं ऐकलं, मावशे."

"थू तुमच्या पाटीलकीवर!" म्हातारी थुंकली. मग एकेक करून सगळे थुंकले. त्या नऊ दिवसांत वास अख्ख्या आळीला येत होता. नाकाला पदर लावून जाणाऱ्यांतला एकही अंबाजीचा उंबरा चढला नव्हता. थुंकायला मात्र सगळे पुढं.

धुळवड झाल्यावर दत्तोबा वडगावच्या कचेरीत जाऊन पाटीलकी सोडून आला. घरी आला तो तिच्या हातचं पाणीही न घेता ओसरीवर आडवा झाला. सरुबाईनं शेणाची पाटी आणून कस्तुराबाईसमोर आदळली.

"हे घ्या तुमचं काम. माज्याच्यानं व्हनार न्हाई आता."

कस्तुराबाईनं पदर खोचला, शेणात दोन्ही हात कोपरापर्यंत घातले, भुसा कालवला आणि भिंतीवर गोवऱ्या थापायला लागली.