वजनाचा सांगावा

अहमदपूरच्या बसस्थानकावर इंदूबाईची पिशवी कुणी चुकूनही उचलत नसे. पिशवीत एक तानकाटा, दोन पाट्या, झाकणाच्या डब्या आणि बर्फाचा डबा. चिंचोडी गावाहून परतताना त्या डब्यांत शेण असायचं. कंडक्टर ओळखीचा असूनही तिला मागच्या दाराशी बसवायचा, आणि घरी जाऊबाई तिनं थापलेली भाकरी तोंडात घालण्याआधी हळूच हुंगायची. इंदूबाईला हे सगळं दिसायचं. पन्नाशीला आलेल्या बाईला कोण कशाला नाक मुरडतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

लातूरच्या एका संस्थेत ती कंत्राटावर होती. चाऱ्यातलं नत्र जनावराच्या पोटात जातं, तिथून शेणामुतात, शेणखतातून रानात आणि रानातून पुन्हा चाऱ्यात. या फेऱ्यात कुठं किती नत्र येतं आणि कुठं किती गळतं, याचा अंदाज संस्थेला बांधायचा होता. त्यासाठी चिंचोडीतली तीस घरं निवडली होती. दर हंगामात इंदूबाईनं तिथं जायचं, जनावरांचं दिवसरात्रीचं शेण गोळा करून तोलायचं, थोडं डबीत भरायचं आणि वजन वहीत लिहायचं. असं तिनं चार वर्षं केलं.

संस्थेचे मुख्य व्यंकटराव चार वर्षांत दोनदा गावात आले, आणि दोन्ही वेळा रुमाल नाकावरून खाली आला नाही. ज्या माणसानं शेणावर मोठी पदवी घेतली त्याला गोठ्याच्या दारात उमासे येतात, हे बघून तो इंदूबाईच्या मनातून पहिल्याच दिवशी उतरला. पण पगार वेळेवर व्हायचा आणि काम तिला आवडायचं. शेण बघून जनावरानं काय खाल्लंय हे ती सांगू शकायची. चिंचोडीचं शेण तिला नेहमी चांगलं दिसायचं, मऊ, गडद, भरपूर. चारा महाग झालेल्या वर्षीही. एवढं कसं, असं कधीकधी मनात यायचं. तिनं ते कधी कुणाला विचारलं मात्र नाही.

वजनाला जायच्या आठ दिवस आधी ती बाजारच्या दिवशी सांगावा धाडायची. अचानक कुणाच्या दारात जाऊन उभं राहू नये, एवढाच त्यामागचा विचार. बायाबापड्यांची कामं असतात, माणसं रानात असतात.

मग एका फाल्गुनात तिचा तानकाटा केरबाच्या गोठ्यात आढ्याला लटकलेला राहून गेला. केरबाची बैलजोडी चिंचोडीत नावाजलेली. वहीत तिच्या नावापुढं चौदा किलो लिहिलेलं, एकेका बैलाचं, आणि बाकीच्या घरांचंही त्याच्याच आसपास. महिनाभरानं इंदूबाई काटा आणायला गेली, सांगावा न धाडता.

गोठ्यात दोन्ही बैल सोयाबीनच्या भुसकटात तोंड खुपसून उभे होते. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. खाली शेण पडलं होतं ते मूठभर, वाळकं, काड्या दिसणारं. इंदूबाई बघतच राहिली. केरबाची बायको केवळाबाई पाण्याची बादली घेऊन आली आणि तिला बघून जागीच थबकली.

"सांगावा न्हाई धाडला बाई?"

"पेंड कुठं गेली, केवळाबाई?"

"पेंड काय रोज आसती व्हय?" केवळाबाईनं बादली खाली ठेवली. "तुमचा सांगावा आला की आणतो आठ दिसाची. हिरवं बी आणतो कुठून तरी. पाव्हणं माणूस वजनाला येणार म्हणल्यावर जनावर रिकाम्या पोटी दाखवावं का? समदे तेच करतेत. पलीकडचे तर सासुरवाडीची म्हैस आणून बांधतेत."

इंदूबाईला शिसारी आली. आठ दिवस बैलाला पोटभर घालायचं ते बैलासाठी नाही, वहीसाठी. आणि ती वही कोण मिरवत होतं? तीच. चार वर्षं शेण चिवडताना जी किळस आली नव्हती ती आता स्वतःच्या हातांकडं बघून आली. तिला विचारायचं होतं ते तिनं विचारलं नव्हतं, कारण उत्तर सोयीचं नसतं.

ती त्या दिवशी परत आलीच नाही. केवळाबाईकडंच राहिली, पाटी लावली, दुसऱ्या दिवशी तोललं. दोन बैलांचं मिळून अकरा किलो. म्हणजे एकाचं साडेपाच.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती थेट लातूरला गेली. व्यंकटराव पोहे खात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हाताला जंतुनाशक चोळलं, पुन्हा चमचा उचलला.

"इंदूताई, अहवाल गेला. चिंचोडीत रानाला लागतं त्याहून जास्त नत्र शेणातून निघतं, असं आपण लिहिलंय. शेणापासून गॅस काढायचा कारखाना त्याच जोरावर तिथं येतोय."

"पण ते खोटं आहे साहेब. सगळ्या घरी पुन्हा तोलू. सांगावा न धाडता."

"एका गोठ्याचा एक आकडा बाजूला ठेवता येतो. चार वर्षांचे कसे ठेवू?" मग त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "आणि ते लिहिले कुणी? सही कुणाची आहे?"

पोह्यांचा एक दाणा त्यांच्या ओठाला चिकटला होता. इंदूबाईला तो आजही आठवतो आणि आठवला की जेवण जात नाही.

पाडव्यानंतर मारुतीच्या पारावर बैठक झाली. कारखान्याच्या माणसानं समजावून सांगितलं की प्रत्येक बैलामागं रोज चौदा किलो शेण निघतं, त्यातलं सात गावानं ठरल्या भावानं कारखान्याला द्यायचं, सात रानाला ठेवायचं. गॅस काढून उरलेला शेणाचा रबडा कुठं जाणार, असं कुणीतरी विचारलं. तो बागायती भागात उसाला जाणार होता. म्हणजे कोरडवाहू रानातलं नत्र ट्रॉलीत बसून उसाला निघालं होतं, आणि पारावरची माणसं माना डोलावत होती.

इंदूबाई उठून उभी राहिली. "हे आकडे खरे नाहीत. सही माझी आहे, म्हणून मीच सांगते. तुम्ही वजनाच्या आठवड्यातच पेंड घालता. एरवी साडेपाचच्या वर शेण निघत नाही. सात दिलंत तर रानाला काहीच उरणार नाही."

मग केरबा उठला. त्याचे कान लाल झाले होते.

"माझे बैल उपाशी हायत म्हणून राहिल्या का, म्याडम? चार गावात नाव हाय माझ्या जोडीचं."

"मी डोळ्यांनी बघितलंय, केरबा."

"तुमी मागच्या दारानं आलता. त्याला बघणं म्हणत्यात का?"

सगळा पार त्याच्या बाजूनं बोलू लागला. चार वर्षं दारात आलात, चहा घेतला, आणि आता गावाची अब्रू काढता. केवळाबाई बायकांत बसली होती. तिनं मान वर केली नाही. केरबानं करारावर सगळ्यात आधी सही केली. इंदूबाईला त्या सगळ्यांचा इतका तिटकारा आला की ती बसची वाट न बघता फाट्यापर्यंत चालत गेली. उपाशी बैलाला गोठ्यात लपवायचं आणि त्याच्या नावावर छाती काढायची, याला अब्रू म्हणायचं?

तिचं कंत्राट संपलं ते पुढं वाढलं नाही. आकडे संस्थेनं उतरवून घेतले होते. मूळ वह्या मात्र ठेवून घ्यायला कुणी तयार नव्हतं, कारण त्यांना वास येत होता. त्या तिनं घरी आणून पलंगाखाली ठेवल्या.

पुढं जे झालं ते तिला बाजारात कानावर यायचं. ट्रॉली रोज यायची. सात किलो भरत नाही म्हटलं की ट्रॉलीवाला म्हणायचा, वहीत चौदा आहे, बाकीचं कुठं दडवलंस? माणसं एकमेकांच्या उकिरड्यावर संशय घेऊ लागली. दोघा भावांत पाटीवरून मारामारी झाली. केवळाबाई पहाटे रस्त्यावर पडलेलं शेण गोळा करत फिरते, असंही कुणी हसत सांगितलं. सांगणाऱ्याच्या हसण्याचीच इंदूबाईला किळस आली.

दुसऱ्या वर्षी वैशाखात, रानात खत टाकायच्या दिवसांत, उकिरडे रिकामे पडले असताना, अहमदपूरच्या बाजारात चिंचोडीचा एक माणूस तिला शोधत आला. केरबाचा सांगावा होता. पुढच्या सोमवारी वजनाला या, काटा आणा, वह्या पण आणा.

ती गेली. जाताना मनात म्हणत होती की आता पुन्हा पेंड घातलेली असेल, आणि तसं दिसलं तर पिशवी न उघडताच माघारी फिरायचं.

केरबानं बैल आदल्या दिवसापासून पारासमोर बांधले होते, ट्रॉली उभी राहते तिथंच. सरपंच होते, ट्रॉलीवाला होता, निम्मं गाव होतं. बैलांसमोर भुसकटाची एक पाटी होती आणि दुसरं काही नव्हतं. शेण पाट्यांत भरून ठेवलेलं. इंदूबाईनं काटा कडुलिंबाच्या फांदीला अडकवला.

"किती?" केरबानं विचारलं.

"साडेदहा. दोघांचं मिळून."

"मोठ्यानं म्हणा."

तिनं मोठ्यानं म्हटलं. ट्रॉलीवाला सरपंचांकडं बघू लागला. वहीत वजनाशेजारी वैरणीचा रकाना होता. गोठ्यात जे दिसेल ते इंदूबाई तिथं लिहीत आली होती. आज तिनं पेन थांबवलं.

"केरबा, वैरण काय घातली?"

"भुसकट." तो सगळ्यांकडं तोंड करून उभा राहिला. "दिसाला दोन पाट्या. पेंड न्हाई, कडबा न्हाई. माझे बैल उपाशी आसतेत. लिहा."

इंदूबाईनं लिहिलं. तिचा राग संपला नव्हता, पण या माणसावर धरायला तो आता जागा शोधत होता.

"आता मागची वही काढा," केरबा म्हणाला. "पहिलं पान. तिथं बी खरं काय ते लिहा."

केवळाबाई पुढं आली आणि वही उघडून धरायला तिनं दोन्ही हात पुढं केले. इंदूबाईनं पहिलं पान काढलं, केरबाच्या नावापुढच्या चौदावर रेघ मारली, वैरणीच्या रकान्यात 'पेंड आठच दिवस' लिहिलं आणि शेजारी आपली सही केली.