पट्टा उतरवलेलं इंजिन

मुक्ताबाई लग्न होऊन विश्रांतवाडीच्या मागच्या अंगाच्या मळ्यात आल्या, त्या वर्षी घरात दोन नव्या गोष्टी आल्या होत्या. एक सून आणि दुसरं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. सासऱ्यांनी सुनेला पहिल्याच दिवशी बजावलं, इंजिनाला जपून हात लाव, महागाचं आहे. सुनेला कुणी जपावं याबद्दल काही बोलणं झालं नाही.

इंजिन सुरू करायला दोन माणसं लागत. एकानं हँडल फिरवून चाकं गरगरत ठेवायची आणि दुसऱ्यानं नेमकी वेळ साधून वरची लिव्हर पाडायची. हँडल नवऱ्याकडे म्हणजे हिंमतरावांकडे, लिव्हर मुक्ताबाईंकडे. लिव्हर लवकर पडली तर हँडल उलटं बसून मनगट मोडायचं, उशिरा पडली तर सगळा दम वाया. चाळीस वर्षं हिंमतरावांचं मनगट शाबूत राहिलं. नवराबायकोचं पटत होतं याला आणखी कुणाची साक्ष काढायची?

अमावस्येला बैलांना सुट्टी असे, इंजिनाला नसे. पाणी द्यायचं असो वा नसो, त्या दिवशी ते थोडा वेळ चालवायचंच. बसून राहिलं की लोखंड रुसतं, असं हिंमतराव म्हणत. बंद केलं की धुराड्यावर एक डबा उपडा घालायचा, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. पुढे विजेची मोटार आली, बैल गेले, मग जमीनही गेली. चौदा एकरांवर सात मजली इमारती उभ्या राहिल्या. उरला सव्वा एकर, एक विहीर आणि बांधाला लागून पत्र्याच्या बावीस खोल्या. त्या खोल्यांत त्याच इमारती बांधायला आलेली माणसं भाड्यानं राहू लागली. मुलगा रणजित जमिनीच्या पैशांतून आलेल्या पांढऱ्या गाडीतून फिरू लागला. एवढं सगळं बदललं, पण अमावस्या चुकली नाही आणि डबाही चुकला नाही.

चुकलं ते हिंमतराव गेल्यावर. समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरी शेफाली मॅडम गोड बोलत घरी आल्या. गेटपाशी चौथरा बांधून त्यावर गावाची आठवण म्हणून हे इंजिन ठेवायचं, छान रंगवायचं, खाली पितळी पाटी लावायची, ‘कै. हिंमतराव यांच्या स्मरणार्थ’, अशी त्यांची कल्पना होती. हिंमतरावांचं नाव तोवर वीजबिलाखेरीज कुठेच छापून आलं नव्हतं. मुक्ताबाई विरघळल्या. इंजिन दिलं. हँडल मात्र दिलं नाही, ते स्वयंपाकघरात देवांच्या शेजारी टेकवून ठेवलं. आणि डब्याचं सांगायचं राहिलं. रंगाऱ्यानं धुराड्यावरचा गंजका डबा फेकून दिला आणि सगळ्या इंजिनाला चंदेरी रंग फासला. मुक्ताबाईंनी ते येताजाता पाहिलं, पण पाटीवरचं नाव वाचण्यातच त्यांची नजर संपायची. दोन पावसाळे असे गेले.

मग टाळेबंदीचं साल उजाडलं. रस्त्यांवर बांबू बांधले गेले, मंडई बंद झाली, बांधकामं थांबली. खोल्यांमधल्या माणसांची रेशनकार्डं वाशीम-बुलढाण्याकडच्या गावांत आणि पोटं इथे. मुक्ताबाईंनी कुणाला न विचारता एक घडी बसवली. सव्वा एकरात मेथी, पालक, गवार, वांगी होती. खोल्यांतल्या माणसांनी राबायचं, सकाळी भाजी सोसायटीच्या गेटवर न्यायची आणि तिकडून तांदूळ, डाळ, पीठ, तेल आणायचं. सात मजल्यांवरच्या लोकांना पालकाचे देठ पहिल्यांदाच इतके गोड लागत होते. तीन आठवडे बावीस चुली यावर पेटल्या.

त्यात अकरा नंबरच्या खोलीत बजरंग आणि शालन होते. बजरंग गवंडी, वाशीमकडचा. शालनला आठवा लागला होता. चालत गावी निघालेल्यांच्या टोळ्या रोज नगर रस्त्याला लागत होत्या आणि बजरंगचे पाय खाजत होते. मुक्ताबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं की पोटुशी बाई चैत्राच्या उन्हात एवढी वाट चालत नसते. इथे भाजी पिकतेय तोवर कुणी उपाशी राहणार नाही. बजरंगनं मान डोलावली. पाणी हाय तोवर राहतो, म्हणाला.

आणि पाचव्या दिवशी विहिरीवरची मोटार जळाली.

मोटारीत नवी तार भरून देणारा कारागीर नाना पेठेत होता आणि पेठ सील होती. दुकानं बंद, टँकर आत येत नव्हता. प्यायचं पाणी दोर-बादलीनं शेंदता येत होतं, पण सव्वा एकर कुणी बादलीनं भिजवत नाही. मेथीनं दुसऱ्याच दिवशी माना टाकल्या. मुक्ताबाई तडक सोसायटीच्या गेटवर गेल्या आणि आपलं इंजिन परत मागितलं.

शेफाली मॅडम मास्क लावून गेटच्या आतून बोलल्या. वाईट त्यांना खरंच वाटत होतं. पण इंजिन आता सोसायटीची मालमत्ता होती, कमिटीचा ठराव हवा होता, आणि कमिटीला एकत्र बसायला बंदी होती. शेवटी ठराव फोनवर करायचं ठरलं. त्याला तीन दिवस लागले, कारण एका सभासदाला चौथऱ्याच्या जागी पुढे काय ठेवायचं याची काळजी पडली होती. मुक्ताबाई रोज सकाळी येऊन गेटबाहेर उभ्या राहत. पालक गेला, तेव्हा त्या तिथेच उभ्या होत्या.

“पाटी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या,” त्या शेवटच्या दिवशी म्हणाल्या. “मला नुसतं लोखंड द्या.”

आठ जणांनी पहारी लावून इंजिन चौथऱ्यावरून उतरवलं आणि हातगाडीवरून विहिरीवर आणलं. मुक्ताबाईंनी देवांशेजारचं हँडल आणलं. रणजितनं ते बसवून जोर लावला. चाक हललं नाही. बजरंगनं लावला, मग दोघांनी मिळून लावला. दोन पावसाळ्यांचं पाणी उघड्या धुराड्यातून आत उतरलं होतं आणि दट्ट्या गंजून सिलिंडरला चिकटला होता.

मुक्ताबाईंनी उघड्या धुराड्यावरून हात फिरवला. चाळीस वर्षं न विसरलेला डबा एका पितळी पाटीपायी विसरला होता. दोष त्यांचा त्यांनाच दिसत होता.

मग त्यांनी जे हिंमतरावांना करताना पाहिलं होतं ते केलं. नोझल काढून भोकातून रॉकेल आणि खोबरेल तेल आत सोडलं. वरून गरम पाण्याची फडकी गुंडाळली. दर तासाला चाकाच्या आऱ्यांत लाकडी वासा घालून मागे-पुढे हिसके द्यायचे, जोराचे नाहीत, दात हलतो का बघावं तसे. डिझेल रणजितच्या गाडीतून नळीनं काढलं. गाडीत पंधराएक लिटर निघालं. पंपावर डब्यात कुणी देत नव्हतं, तेव्हा काय ते एवढंच. रणजितनं तोंडानं नळी ओढली, त्याच्या घशात डिझेल गेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो आईला काही उलट बोलला नाही.

दोन दिवस झाले, तीन झाले. बजरंग वासा धरून हिसके देत होता, पण त्याचं लक्ष गवारीकडे होतं. पानं कुरळी झाली होती. सोसायटीच्या गेटवर न्यायला काही नव्हतं, म्हणून तिकडून काही येत नव्हतं. चौथ्या दिवशी अमावस्या होती. आदल्या संध्याकाळी चाक चार बोटं सरकलं आणि पुन्हा अडकलं. मुक्ताबाईंना त्या चार बोटांनी केवढा धीर आला. त्यांनी बजरंगला सांगितलं, उद्या सुटेल, अमावस्येला ते कधी नाही म्हणालेलं नाही. बजरंगनं चाकाकडे पाहिलं, हात पुसले आणि हो म्हणाला.

सकाळी अकरा नंबरच्या खोलीला बाहेरून कडी होती. शेजारच्या दोन खोल्यांनाही. पोलिसांची पाळी बदलते तेवढ्यात नाका ओलांडायचा म्हणून अकरा जण झुंजूमुंजूलाच लोहगावच्या बाजूनं निघून गेले होते. शालननं जाताना मुक्ताबाईंची पातेली घासून उंबऱ्यावर पालथी घातली होती.

मुक्ताबाई पातेल्यांकडे बघत राहिल्या आणि मग विहिरीकडे जवळजवळ पळत गेल्या. साठी ओलांडलेली बाई पळत नाही, पण त्या पळाल्या. रणजितला हाक मारून त्यांनी वासा घालायला लावला. तिसऱ्या हिसक्याला आत काहीतरी करकरलं आणि चाक अर्धं फिरलं. मग पूर्ण. नोझल बसवलं, तेल घातलं, इंजिनाच्या वरच्या हौदात पाणी भरलं.

गरगर फिरणारं हँडल रणजितच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा आलं होतं. आईनं लिव्हरवर हात ठेवला आणि सांगितलं की मी पाडेन तेव्हा पडेल, तू नुसता फिरवत राहा. पहिला प्रयत्न फुकट गेला. दुसऱ्याला काळा धूर आला. सहाव्याला त्याच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या आणि मुक्ताबाईंनी लिव्हर पाडली. इंजिन खोकलं, थांबतंय की काय असं वाटलं आणि मग पकडलं. धक-धक, धक-धक. चंदेरी रंगाचे पोपडे गरम होऊन उडू लागले. रणजित बांधावर बसून रडत होता आणि हसत होता. विहिरीवरच्या जुन्या पंपाला पट्टा चढवला तशी पाटाला पाणी आलं.

विहीर चैत्रातली. दोन तासांत तळ दिसला. गवार आणि वांगी भिजली, मेथीच्या वाफ्यात भिजवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आता इंजिन बंद करायचं, विहिरीला पाणी भरू द्यायचं आणि डिझेल पुढच्या पाण्यासाठी राखायचं, हे शेतातलं लहान पोरही सांगेल. मुक्ताबाईंनी पट्टा उतरवला. इंजिन मात्र बंद केलं नाही.

रणजितला वाटलं, आई विसरली. तो बंद करायला वाकला तर तिनं त्याचा हात धरला.

“आई, पट्टा उतरवलाय. रिकामं चाललंय ते. डिझेल संपेल.”

“चालू दे,” मुक्ताबाई म्हणाल्या. “लोहगावापस्तोर ऐकू जातं ह्याचं. पोटुशी बाई किती लांब गेली असंल? ऐकलं तर परत येत्याल.”

एरवी त्या भागात विमानांच्या गोंगाटात शेजारच्याची शिंक ऐकू येत नाही. पण विमानं बंद होती, रस्ते बंद होते, आणि सगळ्या पुण्यावर पडलेल्या त्या शांततेत इंजिनाचा आवाज मोकळ्या माळावरून जावा तसा जात होता. सोसायटीच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली. मुक्ताबाई पिंपातलं पाणी तांब्यातांब्यानं हौदात ओतत राहिल्या, इंजिन तापू नये म्हणून. ते पाणी सकाळीच दोरानं शेंदलेलं, प्यायचं होतं. नजर लोहगावच्या वाटेवर होती. दहा वाजले, अकरा वाजले. वाटेवर एक कुत्रं आलं आणि गेलं. दुपारी टाकीत पाच लिटर उरलं, तेव्हा रणजितनं काही न विचारता इंजिन बंद केलं. मुक्ताबाईंनी स्वयंपाकघरातून तुपाचा रिकामा डबा आणला आणि धुराड्यावर उपडा घातला.

राहिलेल्या डिझेलवर गवार तगली. वांगीही धरली. खाणारे अकरा जण कमी झाले होते, त्यामुळे पुरलीही. सोसायटीच्या चौथऱ्यावर आता नुसती पाटी होती.

तीन आठवड्यांनी भर दुपारी बजरंगचा फोन आला. मुक्ताबाईंनी आधी शालनचं विचारलं. मग त्यानं सांगितलं की जालन्याच्या अलीकडे एका शेडमध्ये शालनचं पोट दुखायला लागलं. मुलगा झाला होता. शालन वाचली. मुलगा एक रात्र होता.

मुक्ताबाई विहिरीच्या काठावर टेकल्या. पलीकडून बजरंग पुन्हा बोलू लागला.

“आजी, एक इचारू? त्या दिशी सकाळी तुमचं इंजन चालू झालं होतं. आमी आयकलं. शालन रस्त्यातच बसली, म्हणे आजी बलावते. मी म्हटलं, पाणी देत असतीन, चाल. नाका सोडला होता आमी. मांगं फिरलो तर शाळंत कोंडतीन, म्हणत होते लोकं. लय येळ चालू होतं ते. आमच्यासाठी होतं काय?”

समोर इंजिन होतं, धुराड्यावर डबा घातलेलं. मुक्ताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

“न्हाय रं बाबा,” त्या म्हणाल्या. “पाणी देत व्हते. गवार लई सुकली व्हती.”

बजरंग बरं म्हणाला, आणि त्यानं सोडलेला श्वास त्यांना फोनमधून स्पष्ट ऐकू आला.