मधल्या धारेचं पाणी

कालव्याकाठी तिला सगळे बाटलीबाई म्हणत. दर मंगळवारी सकाळी ती पुलावरून दोरीला बांधलेली निर्जंतुक बाटली मधल्या धारेत सोडायची, भरली की ओढून बर्फाच्या पेटीत ठेवायची. या पाण्यावर खालच्या अंगाला भाजीचे मळे होते. पाण्यात घाणीचे जंतू किती, हे बघणं तिचं काम. अकरा वर्षांत पाणी एकदाही नापास झालं नव्हतं.

"काय बाटलीबाई, आज किती घेतली?" पंपवाले छेडायचे.

"तुला चढेल एवढी," ती म्हणायची.

त्या मंगळवारी दोरी तुटली आणि बाटली गेली वाहून. पेटीत एक जादा होती. ती काठाने खाली उतरली आणि धाकट्या भावाच्या पंपाचा पाइप बुडतो तिथे वाकून हातानेच भरून आणली. तिथलं पाणी थबकलेलं, शेवाळलेलं; वस्तीचं सांडपाणी काठाकाठाने तिथवर येत होतं.

बुधवारी प्रयोगशाळेतल्या तपासनिसाने काचेची बशी पुढे सरकवली. एरवी जंतूंचे चार-दोन ठिपके असत. आज ठिपक्याला ठिपका चिकटलेला, मोजायची सोयच नव्हती.

"हात बुडवून भरली म्हणालात ना? नमुना वाया. हा टाकतो, पुलावरून दुसरा आणा."

"टाकू नका."

"अहो बाई, उद्या साहेब विचारतील, इतकी वर्षं काय झोपला होतात? काय सांगाल?"

मधली धार तिने सोयीची म्हणून धरलेली. पंप मात्र काठाचंच पाणी ओढतात हे रोज डोळ्यांना दिसत होतं, डोक्यात कधी शिरलं नव्हतं.

तिने त्याच दिवशी दोन बाटल्या भरल्या. एक पुलावरून, दुसरी पंपापाशी, लांब काठीला बांधून, हात न लावता. गुरुवारी पुलाची बशी स्वच्छ निघाली, पंपाची गच्च भरलेली. दोन्ही आकडे तिने स्वतःच्या हाताने नोंदवहीत लिहिले. तपासनीस खिडकीबाहेर बघत राहिला.

तिथून ती तडक मळ्यात गेली. भाऊ कोथिंबीर उपटत होता, भावजय जुड्या बांधून त्यांवर कालव्याचं पाणी शिंपडत होती.

"हा माल बाजारात नेऊ नकोस. पाणी घाण आहे."

"ताई, सकाळी सकाळी चेष्टा नको," भाऊ हसला. "हेच पाणी पास आहे म्हणून तूच सांगायचीस ना?"

"पुलाखालचं पास होतं. तुझ्या पंपाचं मी कधी तपासलंच नाही."

भावजयीचा हात थांबला.

"वन्सं, मागच्या वर्षी धाकटीला दोनदा सलाईन लावलं. मी म्हटलं, पाण्याचंच काहीतरी असेल. तुम्ही म्हणालात, पाणी चांगलं आहे, पोरीने बाहेरचं अरबटचरबट खाल्लं असेल. आठवतंय?"

आठवत होतं.

भावाने जाऊन पंप बंद केला. भावजयीने बांधलेल्या जुड्या एकेक करून खतखड्ड्यात टाकायला घेतल्या. मदतीला ती पुढे झाली, तशी भावजय म्हणाली, "राहू द्या. तुम्ही आता दुसऱ्यांच्या मळ्यांत जाऊन सांगा."

ती शेजारच्या बांधाकडे वळली. तिथला पंप चालूच होता.