माईंचे बूट

लाँड्रीत इस्त्री करण्यात माईंचं उभं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरात जाहीर केलं, "मी बर्फावर स्की करायला शिकणार." मुलगा हसला. सुनेने मात्र आपले जुने स्कीचे बूट काढून दिले. माप बरोबर होतं, पण डाव्या पायाच्या अंगठ्याजवळच्या हाडाला बूट भलताच टोचायचा.

"आतलं अस्तर फोमचं आहे," सून म्हणाली. "गरम केलं की मऊ पडतं आणि थंड होताना पायाचा आकार घेतं."

तिने ओव्हन बेताचा तापवून बंद केला आणि बुटांतली अस्तरं काढून आत ठेवली. ती मऊ झाल्यावर माईंच्या पायात चढवली, वरून बूट घालून पट्टे आवळले. "आता थंड होईपर्यंत जागचं हलायचं नाही."

माई ओट्याला धरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात पलीकडे शेगडीवर दूध वर आलं.

"अगं, दूध..."

"जाऊ दे उतू," सून त्यांचा घोटा धरून म्हणाली.

दूध उतू गेलं. माईंनी डोळे मिटून घेतले. वासाने मुलगा धावत आला, त्याने शेगडी पुसली आणि उरल्यासुरल्या दुधाचा चहा टाकला.

"आई, तुला साखर किती लागते गं?"

हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. माईंना चक्क आठवावं लागलं.

रविवारी पहिल्याच उतारावर त्या सपशेल आडव्या झाल्या.

"पाय दुखतोय?" सुनेने विचारलं.

"पायाला काय धाड भरलीय," माई बर्फ झटकत म्हणाल्या. "कंबर धर आधी."