पितळेची दहा अक्षरं

पाटीमावशीला इंग्रजीतलं एक वाक्य धड बोलता येत नसे, पण स्पेलिंगात तिचा हात धरणारं त्या बाजारपेठेत कोणी नव्हतं. शाळा सातवीत सुटली. पुढचं इंग्रजी ती शिडीवर शिकली. लग्न करून आली तीच पाट्या बनवणाऱ्याच्या घरात. नवरा अक्षरं कापायचा आणि ही ती भिंतीवर ठोकायची. एका दातांच्या डॉक्टरच्या जुन्या पाटीत एक अक्षर कमी आहे हे तिनं खालून जाता जाता ओळखलं होतं. डॉक्टर बिचारा पंधरा वर्षं त्याच पाटीखालून आत-बाहेर करत होता!

दोन वर्षांपूर्वी नवऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं शाबूत राहिलं, चालणंही सावकाश परत आलं, पण हात गेला. तेव्हापासून मावशी यंत्रावर प्लास्टिकची अक्षरं कापून घ्यायची आणि कारखाना रेटायची. नवरा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून रस्ता बघायचा.

एके सकाळी कागदवाल्यांची लेक कारखान्यात आली. वडील थकल्यामुळे वह्या-पेनांचं दुकान बंद झालं होतं. आता त्याच जागेत ती कापडाचं दुकान काढणार होती.

"मावशी, जुनी पाटी उतरवून टाका. मी दिव्यांची नवी करून घेईन. पितळ काय ते मोडीत घाला."

त्या पाटीवर इंग्रजीत एकच शब्द होता, 'स्टेशनर्स'. ती दहा अक्षरं नवऱ्यानं बाविसाव्या वर्षी पितळेच्या जाड पत्र्यातून हातकरवतीनं कापली होती आणि कानशीनं घासून गुळगुळीत केली होती. त्याचं पहिलं मोठं काम होतं ते. तिनं चोरून खुर्चीकडे पाहिलं. तो रस्त्याकडेच बघत होता, पण मान ताठ झाली होती.

"नव्या दुकानाचं नाव ठरलं का गं?" मावशीनं विचारलं.

"छे! रोज एक सुचतं, रोज एक खोडते."

"मग दोन दिवस थांब. याच अक्षरांतून तुला नाव काढून देते."

"दहाच्या दहा वापरून?"

"दहाच्या दहा!"

बोलून गेली खरी, आणि मुलगी वळल्याबरोबर तिनं जीभ चावली.

दुपारी अक्षरं उतरवून तिनं ती फरशीवर मांडली. एस, टी, ए, टी, आय, ओ, एन, ई, आर, एस. आणि मांडी घालून समोर बसली. पहिल्या झटक्यात 'स्टेशन' निघालं. मग 'ट्रेन' निघाली. "घ्या, गाडी आली!" ती एकटीच हसली. 'टोस्ट' निघाला, 'स्टार्ट' निघाला, 'नोट्स' निघाल्या. एक अक्षर इकडचं तिकडे केलं की नवाच शब्द डोकं वर काढायचा. इतकी वर्षं ही अक्षरं एकाच ओळीत मुकाट उभी होती आणि त्यांच्या पोटात एवढी वस्ती! ती वहीत एकेक शब्द लिहीत गेली. दूध उतू गेलं, दारात गिऱ्हाईक येऊन हाका मारून गेलं, तिला पत्ताच नाही. संध्याकाळपर्यंत अडतीस शब्द झाले होते. पण शब्द निघाला की मागे अशी अक्षरं उरायची, की ज्यांचं काही म्हणता काही होईना.

"सोड गं," नवरा खुर्चीतून म्हणाला. "पितळच ते. मोडीत गेलं तर गेलं."

"तुमचं काम नसेल तर गप बसा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं 'स्टोअर' जुळवलं आणि जागच्या जागी टाळी वाजवली. "अहो, दुकान सापडलं! आता नुसतं कसलं दुकान ते शोधायचं!"

पाच अक्षरं उरली होती. एस, टी, ए, आय, एन. ती तशीच ओळीनं लावली तर झालं 'स्टेन'. स्पेलिंगासाठी ठेवलेला जाडा शब्दकोश तिनं उघडला. अर्थ होता डाग.

"डागांचं दुकान!" नवरा खो खो हसला. "कापडवालीला अगदी शोभेल!"

किती दिवसांनी हसला होता! मावशीला चेव चढला. तिनं अक्षरं हलवली. 'सेंट' झालं, म्हणजे संत. "संतांचं दुकान," ती म्हणाली. "हे तरी बरं आहे का?"

"ते विकायला तयार व्हायचे नाहीत," म्हणत नवरा खुर्चीतून उठला. भिंतीला धरत धरत आला, कसाबसा फरशीवर बसला आणि डाव्या हातानं शेवटचा टी उचलून ए आणि आय यांच्यामध्ये सरकवला.

मावशी अक्षरं लावत वाचू लागली. "सा... तिन? हे कसलं औषध?"

"अगं, सॅटिन! सॅटिनचं कापड!"

"अगं बाई!" मावशी ओरडली. "सॅटिन स्टोअर!" दोनदा मोजलं, तीनदा मोजलं. दहाच्या दहा! एकही अक्षर शिल्लक नाही, एकही उसनं नाही. ती तशीच धावत सुटली. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात नवऱ्याची.

कागदवाल्यांची लेक गठ्ठे सोडत बसली होती आणि वडील स्टुलावर. मावशीनं धापा टाकत नाव सांगितलं. मुलीनं बोटांवर अक्षरं मोजली, डोळे मोठे झाले. मग कपाळाला आठी पडली.

"पण मावशी, मी सुती ठेवणार आहे, लोकरी ठेवणार आहे. नुसतं सॅटिन कुठे विकणार?"

तोंडाशी आलेला घास जातो की काय, असं मावशीला वाटलं.

तेवढ्यात म्हातारे कागदवाले म्हणाले, "मी स्टेशनर्स म्हणवून घेतलं आणि जन्मभर वह्यांपेक्षा छत्र्या नि कुलपं जास्त विकली. केली कुणी तक्रार?"

मुलीला हसू फुटलं. "लावा मावशी! उद्याच लावा!"

पाटी चढवायला नवराही आला. समोर खुर्ची टाकून बसला आणि "तो ओ जरा वर घे! नाही, एवढा नको!" असा हुकूम सोडू लागला. मावशी शिडीवरून उलट उत्तरं देत राहिली. घासून काढलेलं पितळ उन्हात असं लखलखलं, की जाणारे-येणारे थांबून वाचू लागले. चष्मेवाला तर शिडीपाशी येऊन विचारून गेला, "माझ्या पाटीतून काय काय निघेल हो?"

पुढच्या आठवड्यात नवऱ्यानं करवत मागितली. मावशीनं पितळेचा तुकडा शेगड्याच्या लोखंडी जबड्यात घट्ट आवळून दिला आणि मुकाट बाजूला झाली. डाव्या हातानं त्यानं अर्धा दिवस खपून आय कापला. सगळ्यांत सोपं अक्षर, नुसती उभी काठी, पण तीही वाकडी आली.

त्यानं ती उजेडात धरून पाहिली. "कसा झालाय?"

"वाकडा," मावशी म्हणाली. "आता टी घ्या."