भरती कोणाची?

माणसांबद्दल लिहिणारे लोक वेगळे असतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तेव्हा हे धाडस आधी माफ करा. पण आमच्या सरांना तुम्हीही पाहिलं असेल. शनिवार पेठेतल्या एका शाळेच्या फाटकात खुर्ची टाकून ते मुलाला घेऊन आलेल्या बापाला विचारायचे, "भरती कोणाची? आपली असेल तर हाफपँट आणावी लागेल."

सर निवृत्त शिक्षक. रविवारी सकाळी लहान मुलांचं कब पथक चालवायचे, म्हणजे स्काउटमधली धाकटी मंडळी. मी कात्रजहून बसने मदतीला जायचो. कॉलेजात समाजसेवेचे तास भरायचे होते म्हणून गेलो, आणि राहिलो.

नव्या मुलासाठी सरांची एकच रीत होती. पालक फाटकाबाहेर. मुलाने बूट काढून मातीत हुंदडायचं, मग ते स्वतःच घालायचे. नाडी बांधता येत नसली तर "घाई कोणाला आहे?" म्हणत सर पेपर उघडत. घाई पालकांना असायची. ते मुलाला घेऊन निघून जात.

शाळेने तर बजावलं होतं, यंदा मुलं वाढली नाहीत तर पथक बंद आणि मैदान स्केटिंगच्या क्लासला. मी भीत भीत सुचवलं, सर, थोडं सांभाळून घेऊ या. ते म्हणाले, "आईबापच आत बसवले, तर मुलांना जागा कुठे उरेल?"

एकदा एक बाई आल्या. मुलगा पहिलीतला. त्या फाटकावरून वाकून त्याला एकसारख्या सूचना देत होत्या. सरांनी खुर्ची उचलली आणि दोघांच्या मधोमध ठेवली. बाई भडकल्या.

"तुमच्यामुळेच इथे मुलं येत नाहीत."

"येतात हो ताई. आणणारे परत नेतात."

बाई त्याला न्यायला आत शिरल्या, पण पोरगा उठेना. त्याची एक नाडी अर्धी झाली होती. त्याने ती कशीबशी गुंडाळली आणि उलटसुलट बूट घालून मैदानाला फेरी मारली. सर उभे राहिले, त्याला कडक सलाम केला. बूट उलटे आहेत हे काही सांगितलं नाही. बाई गुपचूप फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

पुढे मला चाकणला नोकरी लागली आणि रविवारही पाळीत जाऊ लागले. परवा त्याच बाईंचा फोन आला. सर दिवाळीतच गेले होते. माझा नंबर बाईंना आत्ता कुठे मिळाला होता.

पथक बंद झालं असेल ना, मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "शाळेशी भांडून मी चालवायला घेतलंय. दर रविवारी एखादी आई मला खडूस म्हणून जाते."